मुलांना घरच्या घरी ताकदीचा व्यायाम : कोणत्या वयात, किती आणि कुठे थांबायचं

सातारा : आठवी-नववीतली पोरं हल्ली मोबाईलवर बघून घरी डंबेल्स मागतात. कुणाला भरतीची घाई असते, कुणाला दंड फुगवायची. त्याच घरात आजी-आजोबा मात्र ‘वजन उचललं की उंची खुंटते’ म्हणून साध्या बैठकाही मारू देत नाहीत. पोलीस भरतीला पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंमी आणि महिला उमेदवाराची १५५ सेंमी लागते. त्यामुळे ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण ती चुकीच्या ठिकाणी धरली आहे. उंची बैठकांनी खुंटत नाही. पोरांना दुखापत होते ती देखरेख नसताना, न झेपणारं वजन उचलल्यामुळे.

लांब हाडांच्या टोकाशी मऊ कूर्चेचा एक थर असतो आणि हाड तिथून लांबीला वाढतं. मुलींमध्ये साधारण १४-१५ आणि मुलांमध्ये १६-१७ व्या वर्षापर्यंत हा थर हळूहळू पक्का होत जातो. त्याला मार लागला तर वाढीवर परिणाम होऊ शकतो, हे खरं आहे. मात्र तो मार झाडावरून पडून, गाडीवरून घसरून किंवा डोक्यावर नेलेलं जड वजन तोल जाऊन अंगावर आल्यानं बसतो. बेताच्या वजनानं, बरोबर पद्धतीनं आणि मोठ्या माणसासमोर केलेल्या व्यायामानं उंची कमी होते, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० साली हेच मत पुन्हा मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच वर्षी ५ ते १७ वयोगटासाठी रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडं बळकट करणारा व्यायाम सांगितला. उंची मुख्यतः आई-बापाकडून येते आणि लहानपणीच्या खाण्यावर ठरते.

दुसरी एक गोष्ट पालकांनी पोरांना आधीच सांगून ठेवावी. मिसरूड फुटायच्या आधी कितीही व्यायाम केला तरी दंड फुगत नाहीत. त्या वयात ताकद वाढते ती मेंदू आणि स्नायूंचा मेळ बसल्यामुळे. पोरगं आधी ३ जोर मारत होतं, ते दोन-तीन महिन्यांनी १० मारू लागतं, पण आरशात फरक दिसत नाही. हे ठाऊक नसलं की पोरगं महिनाभरात नाराज होतं आणि वजन वाढवायच्या मागे लागतं. नाहीतर पावडरच्या डब्याच्या.

सुरुवात कधी

सांगितलेलं ऐकून तसंच करता येतं, एका पायावर तोल सांभाळता येतो, एवढं जमलं की मूल तयार झालं समजावं. बहुतेकांना हे ७-८ व्या वर्षी जमतं. त्याआधी वेगळा व्यायाम नकोच. चिंचा पाडणं, लंगडी, सूरपारंबी, बेडूकउड्या यांत सगळं आलं.

आपल्या जिल्ह्याला हा विषय नवा नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, त्याला शंभर वर्षं होत आली. सूर्यनमस्कारात वजन फक्त स्वतःच्या अंगाचं असतं आणि हात, खांदे, पोट, पाय सगळंच कामाला लागतं. हेलसिंकीला १९५२ साली कुस्तीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव कऱ्हाड तालुक्यातल्या गोळेश्वरचे. त्यांनाही कुस्तीचे पहिले धडे लहानपणी वडिलांकडूनच मिळाले. जुन्या तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी कुणी गदा देत नसे. आधी हौदा खणायचा, मग जोर-बैठका, आणि वस्तादाची नजर कायम पाठीवर. आजचे डॉक्टर ‘देखरेख हवी’ म्हणतात ती हीच. घरात वस्ताद नसतो, म्हणून ते काम आई-वडिलांनी करायचं. पोरगं व्यायाम करत असताना पंधरा-वीस मिनिटं मोबाईल बाजूला ठेवून समोर बसायचं.

घरातल्या घरात काय करावं

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पुरेत, तेही लागोपाठ नकोत. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं धरलं तर मधल्या दिवशी अंगाला विसावा मिळतो. आधी पाच-दहा मिनिटं जागच्या जागी पळणं, दोरीच्या उड्या, हात-खांदे फिरवणं. जेवून दोन तास झालेले असावेत. उन्हाळ्यात सकाळी लवकर नाहीतर सूर्य कलल्यावर.

बैठक शिकवताना मुलाच्या मागे ओट्याच्या उंचीचं स्टूल ठेवावं. स्टुलाला हलकं टेकून उठायचं, धपकन बसायचं नाही. टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे आत न वळता पायाच्या बोटांच्या दिशेनं. हे जमलं की स्टूल काढावं.

जोर काढायला बहुतेक पोरं एकदम जमिनीवर पडतात आणि कंबर झोळीसारखी लोंबते. त्यापेक्षा पहिले दोन-तीन आठवडे भिंतीला हात लावून जोर काढावेत, मग ओट्यावर हात ठेवून, मग गुडघे टेकून आणि शेवटी पूर्ण. डोक्यापासून टाचेपर्यंत अंग फळीसारखं सरळ राहिलं तरच तो जोर धरायचा. कोपरं टेकून तसंच फळीसारखं १० ते २० सेकंद थांबणं हा पोटाचा आणि पाठीचा उत्तम व्यायाम आहे. लहानांना कंटाळा आला तर खेकड्यासारखं किंवा अस्वलासारखं अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावावं. भावंडं असतील तर एकानं दुसऱ्याचे पाय धरून हातांवर चालवणं, यात तर पोरं थांबायचं नाव घेत नाहीत.

लोंबकळण्यासाठी झाडाची फांदी चालते, पण कोणती ते बघावं. शेवग्याची आणि जांभळाची फांदी दिसायला जाड असली तरी कडकन मोडते. चिंच, कडुनिंब बरी. जनावरांच्या शेडचा पत्रा ज्या पाईपवर टेकलाय त्याला लोंबकळू देऊ नये. खाली माती भुसभुशीत असावी, फरशी किंवा दगड नको आणि उंची एवढीच की पोराला हात सोडून सहज खाली उतरता यावं.

प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, सुरुवातीला एकदाच. महिनाभरानं थोडं थांबून दुसऱ्यांदा. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आत आवरावं. आकडा मोठ्यानं मोजायला सांगावं, कारण तोंडानं मोजणाऱ्या पोराला श्वास कोंडून धरता येत नाही. अंग वाकडं व्हायला लागलं की आकडा अपुरा राहिला तरी थांबवायचं. ‘अजून दोन मार’ हे वाक्य मुलांच्या बाबतीत टाळावं.

वजन द्यायचं झालं तर

आधी दोन-तीन महिने अंगाच्या वजनावरच काढावेत. पुढे वजन घ्यायचं तर लिटरची पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. तीच बाटली कोरड्या वाळूनं भरली तर साधारण दीड किलो. दोन्ही हातांत सारखं वजन असावं. तेच वजन १५ वेळा अंग न हलवता सहज उचलता आलं, तरच थोडं वाढवावं, एका वेळी दहा टक्क्यांच्या आत. बाटलीत मूठभर वाळू घालून ते घरात जमतं, डंबेल्समध्ये जमत नाही. ‘जास्तीत जास्त किती उचलतोस बघू’ ही पैज वाढ पूर्ण होईपर्यंत बंद. जत्रेतली गोटी उचलायची हौस १२-१३ वर्षांच्या पोरानं फक्त बघून भागवावी. घरात मोठ्या भावाचे लोखंडी डंबेल्स, प्लेटा असतील तर बारक्यांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. लहान मुलांची बोटं चेंगरण्याचे आणि पायावर वजन पडण्याचे प्रकार घरातच जास्त होतात.

शेतातल्या कामाचा व्यायामाशी गोंधळ करू नये. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० किलोची. सहावी-सातवीतल्या पोराचं स्वतःचं वजन बहुतेकदा त्याहून कमी असतं. ‘उचल, ताकद येईल’ म्हणून गोणी पाठीवर दिली तर ताकद येत नाही, कंबर धरते. पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप तर मुलांना देऊच नये, कारण ओझ्याबरोबर औषधही अंगावर येतं. शाळेच्या दप्तरालासुद्धा केंद्राच्या २०२० च्या धोरणानं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली आहे. मात्र अर्धी बादली नीट कशी उचलायची हे मुला-मुलींना जरूर शिकवावं. पाय थोडे फाकवून बादलीच्या जवळ उभं राहायचं, गुडघ्यात आणि जांघेत वाकायचं, पाठ सरळ, बादली अंगालगत. हे एकदा अंगवळणी पडलं की जन्मभर कामाला येतं.

मुलींना यातून वगळण्याची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. खरं तर हाडांचा बहुतांश साठा विशीच्या आत तयार होतो आणि म्हातारपणी हाडं ठिसूळ होण्याचा त्रास बायकांना जास्त. पाळीच्या दिवसांत झेपेल तेवढा व्यायाम करायला हरकत नाही, दुखत असेल तर सुट्टी.

हजार जोरांची गोष्ट

पैलवान रोज हजार-हजार जोर-बैठका मारायचे, हे ऐकून पोरांना चेव येतो. ती वर्षानुवर्षं तयार झालेली अंगं होती. सवय नसलेल्या पोरानं एकाच दिवशी दोन-तीनशे बैठका मारल्या तर स्नायू फुटून त्यातला मळ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मांड्या प्रमाणाबाहेर दुखणं, सुजणं आणि लघवी कोऱ्या चहासारखी होणं ही त्याची खूण. असं दिसलं तर घरी शेक देत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. म्हणूनच शिक्षा म्हणून शंभर-दोनशे उठाबशा काढायला लावणं धोक्याचं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहेच, घरीही नको. शिक्षा म्हणून मारलेली बैठक पोरगं पुन्हा आपणहून मारत नाही.

खाण्याचं गणित सोपं आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १० ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ३२ ग्रॅम प्रथिनं लागतात, १३ ते १५ च्या मुलाला ४५. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच, मूठभर शेंगदाण्यांत ७ च्या आसपास. त्यात आमटी, उसळ आणि दोन वेळची भाकरी धरली की हिशोब पुरा होतो. हजारोंचा डबा आणायची गरज नाही. पोरगं चार पायऱ्या चढून धापा टाकत असेल, फिकट दिसत असेल तर आधी रक्त तपासावं. शाळेत जंताची गोळी मिळते, लोहाची गुलाबी किंवा निळी गोळी मिळते. ती दप्तरातच राहते का, हेही बघावं.

आधी डॉक्टरांना कुणी विचारावं

हृदयाचा जन्मजात दोष, आकडी, रक्तदाब, सिकलसेल, नुकतंच मोडलेलं हाड किंवा कर्करोगाचे उपचार झालेले असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू करू नये. व्यायाम करताना चक्कर येणं, छातीत दुखणं किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगावं. दमा असलेली मुलं औषध चालू ठेवून व्यायाम करू शकतात. १० ते १५ वयात गुडघ्याच्या वाटीखाली टेंगळासारखं येऊन दुखतं. ते उड्या आणि पळण्यानं वाढतं, तेव्हा उड्या काही दिवस बंद ठेवाव्यात. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं आपोआप थांबतं. व्यायामानंतर एक-दोन दिवस अंग आंबणं चालतं. सांध्यात दुखत असेल, एकाच जागी टोचत असेल किंवा रात्री झोपमोड होत असेल तर व्यायाम थांबवून दाखवून घ्यावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हाही हे विचारता येतं. ते कधी येणार याची चौकशी मुख्याध्यापकांकडे करावी आणि त्या दिवशी पोराला घरी ठेवू नये.