शांत पाण्याची नौका आणि भरतीचे पाणी : इंग्लंडमधील नॅरोबोटीच्या देखभालीचा व संचाराचा इतिहास

प्रस्तावना

औद्योगिक क्रांतीच्या इतिहासात वाफेचे इंजिन आणि रेल्वे यांना मोठे स्थान मिळाले. परंतु रेल्वे येण्यापूर्वी सुमारे पाऊण शतक इंग्लंडचा कोळसा, चिनीमाती आणि लोखंड वाहून नेले ते कालव्यांनी. या कालव्यांवर चालणारी लांब व अरुंद नौका 'नॅरोबोट' या नावाने ओळखली जाते. ही नौका मूलतः शांत, बांधीव पाण्यासाठी घडविली गेली. आज मात्र तीच नौका थेम्स, ट्रेंट, सेव्हर्न यांसारख्या नद्यांच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातही संचार करताना दिसते. हा बदल केव्हा व कोणत्या कारणांनी घडला, आणि त्यामुळे नौकेच्या देखभालीचे स्वरूप कसे पालटले, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

सात फुटांचे माप

१७६१ साली ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर यांच्या वर्स्ली येथील खाणींतील कोळसा कालव्याने मँचेस्टरच्या दिशेने वाहून नेण्यास प्रारंभ झाला. या कामाशी निगडित असलेला अभियंता जेम्स ब्रिंडली याने पुढे ट्रेंट, मर्सी, सेव्हर्न आणि थेम्स या चार नद्यांना जोडणाऱ्या कालव्यांची योजना पुढे नेली. त्यांपैकी ट्रेंट-मर्सी कालव्यास १७६६ मध्ये संसदेची मान्यता मिळाली. मातीच्या भांड्यांचा कारखानदार जोसाया वेजवुड हा या कालव्याचा प्रमुख पुरस्कर्ता होता. कारण खाचखळग्यांच्या रस्त्यांवरून नाजूक माल नेताना होणारी फूटतूट त्याला परवडणारी नव्हती.

या कालव्याच्या मार्गात हेअरकॅसल येथे सुमारे २.६ किलोमीटर लांबीचा बोगदा खणावा लागला. बोगदा जितका रुंद तितका खर्च अधिक, आणि लॉक म्हणजे पाण्याची पातळी चढविणारा-उतरविणारा दरवाजांचा हौद जितका मोठा तितके पाणी अधिक. या दोन्ही विचारांतून लॉकची रुंदी सुमारे ७ फूट व लांबी ७२ फुटांच्या आसपास ठेवण्यात आली. साहजिकच नौकेची रुंदीही ७ फुटांच्या आत राहिली. सपाट तळाची ही नौका २५ ते ३० टन माल घेऊन जात असे आणि काठावरून चालणारा एक घोडा तिला ओढीत असे. ब्रिंडली १७७२ मध्ये मरण पावला व कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला. परंतु त्याने ठरविलेले माप मध्य इंग्लंडच्या जलमार्गांवर कायमचे राहिले.

लाकडी नौकेची निगा आणि नौकाकुटुंबे

जुन्या नॅरोबोटीच्या बाजू ओकच्या व तळ एल्मच्या फळ्यांचा असे. सतत पाण्याखाली राहिल्यास एल्म दीर्घकाळ टिकतो, हा अनुभव त्यामागे होता. फळ्यांमधील सांधे जुन्या दोरखंडांच्या उसवलेल्या, डांबरात भिजविलेल्या धाग्यांनी ठोसून भरले जात. डांबर, घोड्याची लीद आणि जनावरांचे केस एकत्र शिजवून तयार केलेला लेप फळ्यांवर गरम असतानाच चढविला जाई. ही कामे नौका गोदीत घेऊनच करावी लागत. त्या काळात मालवाहतूक बंद राही व कुटुंबाचे उत्पन्नही थांबे. त्यामुळे दुरुस्ती लांबणीवर टाकण्याकडे कल असे आणि गळतीचे पाणी उपसणे हा दैनंदिन कामाचा भाग बनला.

एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या स्पर्धेमुळे वाहतुकीचे दर घसरले. नोकरीला माणूस ठेवणे परवडेनासे झाल्यावर अनेक नावाड्यांनी पत्नी व मुलांना नौकेवर आणले. सुमारे १० फूट लांब व ७ फूट रुंद केबिनमध्ये संपूर्ण कुटुंब राहू लागले. स्त्रिया सुकाणू धरीत, लॉकचे दरवाजे उघडीत आणि केबिनची निगाही राखीत. तथापि या श्रमाचे वेगळे वेतन त्यांना क्वचितच मिळे. जॉर्ज स्मिथ या समाजसुधारकाच्या प्रयत्नांमुळे १८७७ व १८८४ मध्ये कालवा-नौकांविषयीचे कायदे झाले. नौकांची नोंदणी, आरोग्य आणि मुलांचे शिक्षण हे विषय प्रथमच शासनाच्या कक्षेत आले. केबिनवर रंगविलेली गुलाबाची फुले आणि किल्ले आज लोककला म्हणून वाखाणले जातात. परंतु त्यामागील दाटीवाटीचे व कष्टाचे जीवन दृष्टीआड होता कामा नये.

कालव्याची हद्द : नदी आणि भरती

नॅरोबोट नद्यांवर जातच नव्हती असे नाही; मात्र तेथे ती सहसा एकाकी नसे. ट्रेंट नदीजवळील शार्डलो येथे कालव्याच्या नौकांतील माल नदीवरील मोठ्या पडावांत भरला जाई. सेव्हर्नवर ग्लॉस्टर व स्टोरपोर्ट यांच्या दरम्यान वाफेच्या टगबोटी नॅरोबोटींची रांग ओढून नेत. ग्लॉस्टरच्या खालचे नदीपात्र वळणांचे, वाळूच्या दांड्यांचे व प्रबळ भरतीचे असल्याने १८२७ मध्ये शार्पनेसपर्यंत स्वतंत्र जहाज-कालवा उघडण्यात आला. यावरून श्रमाची एक स्पष्ट विभागणी दिसून येते : शांत पाणी नॅरोबोटीचे, तर वाहते व भरतीचे पाणी मोठ्या पडावांचे, टगबोटींचे आणि पाण्याची जाण असलेल्या स्थानिक वाटाड्यांचे.

हा धोका काल्पनिक नव्हता. २५ ऑक्टोबर १९६० रोजी दाट धुक्यात शार्पनेसच्या गोदीचे प्रवेशद्वार चुकलेल्या दोन तेलवाहू नौका भरतीबरोबर वाहत जाऊन सेव्हर्नच्या रेल्वेपुलावर आदळल्या. ५ खलाशी मृत्युमुखी पडले आणि पूल पुन्हा कधीही वापरात आला नाही. ट्रेंटवरील क्रॉमवेल येथे, जेथे भरतीचे पाणी संपते, तेथील बंधाऱ्यावरून सप्टेंबर १९७५ मध्ये रात्रीच्या सरावातील लष्करी नौका वाहून गेली व १० सैनिक बुडाले. शक्तिमान इंजिनाच्या अनुभवी नौकांना व प्रशिक्षित सैनिकांनाही जे पाणी आवरले नाही, तेथे सपाट तळाच्या नौकेचे स्थान किती नाजूक, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

व्यापाराचा अस्त आणि हौशी नौकानयन

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून नॅरोबोटींवर इंजिने बसू लागली. इंजिनाची एक नौका व तिच्यामागे बिनइंजिनाची दुसरी, अशी जोडी रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धात मनुष्यबळ अपुरे पडल्यावर तरुण स्त्रियांना प्रशिक्षण देऊन लंडन-बर्मिंगहॅम मार्गावर पाठविण्यात आले. एका जोडीवर तिघी जणी काम करीत. १९४८ मध्ये बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. परंतु रस्तेवाहतुकीपुढे हा धंदा टिकला नाही. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात कालवे गोठले आणि नॅरोबोटींच्या उरल्यासुरल्या व्यापाराचा कणाच मोडला.

कालवे बुजविले जाण्याची भीती असताना त्यांना वाचविणारा विचार वेगळ्या दिशेने आला. एल. टी. सी. रोल्ट यांनी १९३९ मध्ये 'क्रेसी' या जुन्या नौकेतून केलेल्या प्रवासावरील 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून रॉबर्ट आयकमन यांच्याशी त्यांचा परिचय झाला व १९४६ मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन स्थापन झाली. १९६८ च्या परिवहन कायद्याने कालव्यांच्या एका मोठ्या वर्गाचे प्रयोजन नौकाविहार हेच मानले. २०१२ पासून इंग्लंड व वेल्समधील बहुतेक कालव्यांची जबाबदारी कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहे.

पोलादी नौकेची देखभाल

आजची नॅरोबोट पोलादी असते. सामान्यतः तळाचा पत्रा १० मिलिमीटर, बाजूंचा ६ मिलिमीटर व केबिनचा ४ मिलिमीटर जाडीचा असतो. लाकडाचा शत्रू कूज होती, पोलादाचा शत्रू गंज आहे. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी नौका पाण्याबाहेर काढून, खरवडून, पाण्याखालील भागास डांबरी लेप दिला जातो. लेपाची पद्धत बदलली, परंतु डांबराशी असलेले नाते तुटले नाही. याखेरीज पोलादाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे तळाजवळ बसवितात. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे, तर खाऱ्या पाण्यात जस्ताचे ठोकळे उपयोगी पडतात. म्हणजे नौका कोणत्या पाण्यात राहणार यावर तिची निगा अवलंबून असते. पत्र्याची जाडी ध्वनिलहरींनी मोजली जाते. वायू, इंधन व वीज यांच्या सुरक्षिततेची तपासणी दर ४ वर्षांनी करून घ्यावी लागते.

भरतीच्या पाण्यातील संचार

हौशी नौकानयनाने जुनी श्रमविभागणी पुसून टाकली. टगबोट नाही, मोठा पडाव नाही. पूर्वी अनेकांनी वाटून घेतलेली जोखीम आता एकाच नौकेने व तिच्या चालकाने पेलावयाची असते. थेम्सवर टेडिंग्टनच्या खाली भरती-ओहोटीचा अंमल सुरू होतो. ब्रेंटफर्ड येथे कालव्यातून नदीत उतरणाऱ्या नौकेस टेडिंग्टनपर्यंत चढत्या भरतीबरोबर जावे लागते, तर लाइमहाउसकडील प्रवास लंडनच्या मध्यातून, मोठ्या प्रवासी नौकांच्या लाटांतून होतो. ४५ फुटांहून लांब नौकेस तेथे व्हीएचएफ रेडिओ आवश्यक आहे. ट्रेंटवर क्रॉमवेल, टॉर्कसी, वेस्ट स्टॉकविथ व कीडबी येथील लॉकरक्षकांशी वेळा ठरवूनच निघावे लागते. उधाणाच्या दिवसांत नदीतून उलट धावणारी भरतीची लाटही विचारात घ्यावी लागते.

अशा प्रवासात कालव्यावर खपून जाणारे दोष उघडे पडतात. कालव्यावर ताशी ४ मैलांच्या वेगाने चालणारे इंजिन नदीवर तासन्‌तास पूर्ण जोराने चालवावे लागते. त्याचे पाणी नौकेच्या पत्र्यालगतच्या टाकीत थंड होते. ती टाकी अपुरी असल्यास इंजिन तापते. लाटांमुळे डिझेलच्या टाकीतील गाळ ढवळून गाळणी तुंबते व इंजिन ऐन प्रवाहात बंद पडू शकते. कमी उंचीवरील झडपांतून आणि पुढील दारांतून पाणी आत शिरते. म्हणून साखळीसह योग्य वजनाचा नांगर, स्वच्छ इंधन, बंद केलेल्या झडपा आणि तारूजाकिटे यांची सिद्धता लॉकचा दरवाजा उघडण्यापूर्वीच करावी लागते. नांगर हे येथे थांबण्याचे साधन नसून इंजिन निकामी झाल्यावरचा शेवटचा आधार आहे.

तरीही या संचाराला महत्त्व आहे. २००२ मध्ये खुल्या झालेल्या रिबल जोडमार्गामुळे पूर्वी एकाकी असलेला लँकेस्टर कालवा भरतीच्या रिबल नदीतून उर्वरित जाळ्यास जोडला गेला. एका कालव्यापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच जेथे भरतीच्या पाण्यातून जातो, तेथे तो टाळणे म्हणजे जाळ्याचा एक तुकडा गमावणे होय.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, अठराव्या शतकात खर्च व पाणी वाचविण्यासाठी ठरविलेल्या मापाने नॅरोबोटीचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही निश्चित केल्या. व्यापाराच्या काळात त्या मर्यादांची भरपाई इतर नौका, वाटाडे आणि कुटुंबाचे बिनमोबदला श्रम करीत. व्यापार संपल्यावर ती जबाबदारी नियमित देखभालीवर व चालकाच्या सावधगिरीवर येऊन पडली. हीच गोष्ट जलमार्गांनाही लागू पडते. २०२७ पासूनचे शासकीय अनुदान क्रमाने घटत जाईल असे २०२३ मध्ये जाहीर झाले आहे. अडीचशे वर्षांची लॉक, बांध व जलाशय यांची निगा कोणी व कोणत्या पैशाने राखावयाची, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा उभा आहे. लांबणीवर टाकलेल्या दुरुस्तीची किंमत नावाड्याच्या कुटुंबाने गळक्या तळाशी झगडून मोजली होती. जलमार्गांच्या बाबतीत ती किंमत समाजाला मोजावी लागेल.