मालमोटारचालकाचे प्रवाससाहित्य

मालमोटारचालकाचे प्रवाससाहित्य म्हणजे लांब पल्ल्याची मालवाहतूक करणारा चालक अनेक दिवसांच्या फेरीसाठी मालमोटारीत (ट्रकमध्ये) बाळगतो त्या वस्तूंचा संच होय. त्यात कागदपत्रे, दुरुस्तीची व सुरक्षेची साधने, शिधा, अंथरूण-पांघरूण आणि औषधे यांचा समावेश होतो. भारतात मालमोटारीची केबिन हे चालकाचे कामाचे ठिकाण असते, तसेच फेरीपुरते त्याचे घरही असते. त्यामुळे या साहित्याचा त्याच्या आरोग्याशी व रस्त्यावरील इतरांच्या सुरक्षिततेशी थेट संबंध येतो.

पार्श्वभूमी

राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून मुंबईहून दिल्लीपर्यंतचे अंतर सुमारे १,४०० कि.मी. आहे. माल भरणे, उतरवणे, नाक्यांवरील खोळंबा आणि शहरांतील अवजड वाहनांवरील प्रवेशबंदीच्या वेळा यांमुळे प्रत्यक्ष चालवण्यापेक्षा थांबण्यातच बराच वेळ जातो. परतीचा माल मिळेपर्यंत चालकाला मालधक्क्यावर किंवा वाहतूकनगरात मुक्काम करावा लागतो. पूर्वी बहुतेक गाड्यांवर चालकासोबत क्लीनर असे व स्वयंपाक, साफसफाई, चाक बदलणे ही कामे तो करीत असे. क्लीनर नसलेल्या गाडीवर ही सर्व कामे चालकालाच करावी लागतात. म्हणून सामानाची आखणी एकट्या माणसाला पेलेल अशी असणे आवश्यक ठरते.

कागदपत्रे

परिवहन वाहनाचा चालक परवाना, नोंदणी प्रमाणपत्र, योग्यता प्रमाणपत्र, विमा, परमिट आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र ही वाहनाशी संबंधित मुख्य कागदपत्रे आहेत. मालासोबत बीजक, बिल्टी आणि ई-वे बिल लागते. आंतरराज्य वाहतुकीसाठी ई-वे बिल १ एप्रिल २०१८ पासून लागू झाले. सर्वसाधारण मालासाठी दर २०० कि.मी. अंतरास एक दिवस अशी त्याची मुदत मोजली जाते. वाटेत बिघाड झाल्यास मुदतवाढ घ्यावी लागत असल्याने चालकाला ती तारीख माहीत असणे गरजेचे असते. ‘डिजिलॉकर’ व ‘एम-परिवहन’ या प्रणालींतील कागदपत्रे ग्राह्य धरली जातात. तरी भ्रमणध्वनी बंद पडण्याची शक्यता लक्षात घेऊन छापील प्रती मेणकापडी पिशवीत ठेवण्याची पद्धत आहे. फास्टॅगमध्ये पुरेशी शिल्लक आणि हमालीसारख्या खर्चासाठी थोडी रोकडही जवळ ठेवली जाते.

दुरुस्ती व सुरक्षेची साधने

स्टेपनी, जॅक, पाने, टॉमी, हवेचा दाब मोजण्याचे यंत्र, फ्यूज, दिव्यांचे बल्ब, पट्टे, ताडपत्री, दोरखंड आणि विजेरी या वस्तू नेहमीच्या होत. कसारा किंवा खंबाटकीसारख्या घाटांत गाडी बंद पडल्यास ती घसरू नये म्हणून चाकांखाली लावण्याचे लाकडी ठोकळे आवश्यक असतात. त्यांऐवजी दगड वापरून ते रस्त्यातच टाकून जाणे हे मागून येणाऱ्या दुचाकीस्वारांसाठी घातक ठरते.

बंद पडलेल्या गाडीमागे परावर्तक त्रिकोण ठेवला जातो. ताशी ६० कि.मी. वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. त्यामुळे त्रिकोण गाडीला लागून ठेवल्यास त्याचा फारसा उपयोग होत नाही. तो बऱ्याच अंतरावर मागे ठेवावा लागतो. झाडाच्या फांद्या हा त्याला पर्याय नाही, कारण रात्री त्या दिसत नाहीत. परावर्तक पट्ट्यांचे जाकीट, अग्निशामक नळकांडे आणि प्रथमोपचार पेटी हाताशी येतील अशा जागी ठेवणे अपेक्षित असते.

बीएस-६ मानकाच्या अनेक गाड्यांना डिझेलबरोबर ‘डीईएफ’ हा द्राव लागतो. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो व चालक त्याला ‘युरिया’ असेच म्हणतात. तो संपल्यास इंजिनाची शक्ती मर्यादित होते. शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून वापरल्यास धूरशुद्धीची यंत्रणा निकामी होऊ शकते.

शिधा व पाणी

ढाब्यावरील जेवणाला पूरक म्हणून टिकाऊ पदार्थ सोबत नेले जातात. महाराष्ट्रातील चालक दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, चिवडा व मेतकूट नेतात. अनेकजण तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, पातेले व स्टोव्ह बाळगून मुक्कामाच्या ठिकाणी स्वयंपाक करतात. केबिनमध्ये किंवा ज्वलनशील मालाजवळ स्टोव्ह पेटवणे धोक्याचे असते. लघवीसाठी थांबावे लागू नये म्हणून पाणी कमी पिण्याची सवय मूतखडा व मूत्रमार्गाच्या संसर्गाला निमंत्रण देते. म्हणून पाण्याचा कॅन भरलेला ठेवणे महत्त्वाचे असते.

अंथरूण, कपडे व थंडीचा धोका

एकाच फेरीत कोकणपट्टीची दमट हवा आणि उत्तर भारतातील डिसेंबर-जानेवारीची कडाक्याची थंडी अनुभवावी लागते. यासाठी सुती कपडे, स्वेटर, कानटोपी, जाड घोंगडी, मच्छरदाणी व रेनकोट लागतात. ऊब मिळावी म्हणून बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी पेटवून झोपणे जीवघेणे ठरते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग वा वास नसतो आणि झोपेतील माणसाला त्याची जाणीव होत नाही. पुरेसे पांघरूण ही अशा वेळी चैन नसून सुरक्षेचे साधन असते.

औषधे व आरोग्य

नेहमीची औषधे फेरीच्या अपेक्षित दिवसांपेक्षा काही दिवस अधिक पुरतील इतकी घेतली जातात व त्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली जाते. केबिनमधील उष्णतेने इन्सुलिनची परिणामकारकता घटते, म्हणून ते थंड पिशवीत ठेवावे लागते. जलसंजीवनीची पाकिटे, मलमपट्टी, निर्जंतुक द्राव, चष्म्याची जादा जोडी व निरोध यांचाही समावेश असतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते; वाहन चालवण्यापूर्वी त्या टाळणे आवश्यक असते. महामार्गावरील मदतीसाठी १०३३ व आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक भ्रमणध्वनीबरोबरच केबिनमध्येही लिहून ठेवणे सोयीचे ठरते.

मर्यादा

चहा, तंबाखू किंवा उत्तेजक गोळ्या झोपेला पर्याय ठरत नाहीत. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ मध्ये सामान्यतः दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची कामाची मर्यादा घालण्यात आली. सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांतीही ठरवण्यात आली. माल ठरावीक वेळेत पोहोचवण्याच्या दबावामुळे ही मर्यादा अनेकदा पाळली जात नाही. चालकाची तयारी कितीही चांगली असली तरी सुरक्षित वाहनतळ, स्वच्छतागृह व झोपण्याची जागा यांची उणीव ती भरून काढू शकत नाही. तेल कंपन्यांनी महामार्गांवरील काही पंपांवर ‘अपना घर’ या नावाने चालकांसाठी विश्रांतीगृहे उभारली आहेत.