भ्रम शिकावा लागत नाही

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. दोन समान रेषा. एकीच्या टोकांना बाणासारखी आत वळलेली पाती, दुसरीला बाहेर फाकलेली. दुसरी लांब दिसते. पट्टीने मोजल्यावरही दिसतेच. १८८९ पासूनच्या या म्यूलर-लायर भ्रमाचे रूढ स्पष्टीकरण असे: आपण भिंती आणि कोपरे पाहत वाढलो, म्हणून सपाट रेषांतही मेंदूला खोली दिसते. भ्रम हा अनुभवाचा संस्कार. दृष्टीचे अभ्यासक रिचर्ड ग्रेगरी यांच्यासारखा दिग्गज या पक्षात होता. सीगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स यांनी तर १९६६ मध्ये समाजागणिक भ्रमाची तीव्रता बदलते, हेही दाखवले. पक्ष दुबळा नाही.

पण संस्कारच कारण असेल, तर ज्याने कोपरा कधी पाहिलाच नाही, त्याला भ्रम होता कामा नये. आयआयटी दिल्लीतून एमआयटीत गेलेले पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ने जन्मांध मुलांवर उपचार आणि दृष्टीचा अभ्यास, दोन्ही एकत्र आणले. जन्मजात दाट मोतीबिंदू काढलेल्या ८ ते १६ वर्षांच्या नऊ मुलांना दृष्टी येताच हा भ्रम दाखवला गेला. मुले फसली. रुळांसारख्या जवळ येणाऱ्या रेषांच्या पाँझो भ्रमातही फसली. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

नऊच मुले? ‘अनुभवाविना भ्रम नाही’ हा नियम आहे, सरासरी नव्हे. कारण नसताना कार्य घडले, की नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, त्याला व्यभिचार म्हणतात आणि नियम मोडतो.

कोपरे हातांनी चाचपून शिकले असतील? हा आक्षेप खरा चतुर. पण याच प्रकल्पातल्या २०११ च्या प्रयोगात, नुकती दृष्टी आलेल्या मुलांना हातांनी ओळखलेली वस्तू डोळ्यांनी लगेच ओळखता आली नाही. ती जोड जमायला काही दिवस जावे लागले. मग स्पर्शाचा धडा पहिल्याच नजरेला कुणी दिला?

आणि समाजागणिक फरक? तो असेलही. पण मीठ कमी-जास्त कुणी घातले, यावरून भात कुणी शिजवला हे ठरत नाही. अनुभव भ्रमाला कमी-जास्त करत असेल. जन्म देत नाही.

निवाडा वाचकांनी करावा. दोरीवर भासलेला साप दिवा लावताच जातो. या मुलांचा भ्रम उजेडाबरोबरच आला.