नस म्हणजे नक्की कोणती?

आपल्या भाषेत एक मजेशीर घोळ आहे. मान अवघडली की आपण म्हणतो, 'नस दबली'. रक्त द्यायला गेलो की नर्स म्हणते, 'नस सापडत नाहीये'. पहिली नस म्हणजे मज्जातंतू, दुसरी म्हणजे शीर. एक वायर, एक पाईप! पाय ठेवून बसायची विजेची मशिनं विकणाऱ्यांचा धंदा याच घोळावर चालतो. 'नसांना करंट मिळतो, रक्ताभिसरण सुधारतं.' कोणत्या नसांना, आणि सुधारतं म्हणजे नक्की काय होतं, हे कोणी विचारत नाही.

माझी मावशी सानगडीला राहते. भंडारा जिल्ह्यातलं, साकोली तालुक्यातलं गाव. छोटासा किल्ला, तलाव, आजूबाजूला धानाच्या बांध्या. मावशीला बरीच वर्षं मधुमेह आहे आणि तळपाय बधिर झालेत. दारावर आलेल्या कुणाकडून तरी तिने असं मशीन घेतलं. फोनवर मला म्हणाली, "बापू, नंबर किती बी वाढवला तं पायाले काही समजत नाही." ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून दोन वीकएंड या विषयाचा इतिहास वाचण्यात घालवले. आणि गंमत म्हणजे, या इतिहासातला पहिलाच मोठा निकाल जाहिरातीच्या बरोब्बर उलटा निघाला!

साल १८५१, पॅरिस. क्लॉद बर्नार या शास्त्रज्ञाने सशाच्या मानेतला एक मज्जातंतू कापला. त्याचा अंदाज होता की त्या बाजूचा कान थंड पडेल. झालं उलटंच. कान लाल झाला, गरम झाला. कोडमधली एखादी ओळ काय करते ते कळेना की आपण ती कॉमेंट करून प्रोग्रॅम चालवून बघतो ना, तसलाच प्रकार. आता पुढची पायरी म्हणजे तेच फंक्शन हाताने कॉल करून बघायचं. ते १८५२ मध्ये मॉरिशसला जन्मलेल्या ब्राउन-सेकारने केलं. कापलेल्या तंतूच्या डोक्याकडच्या टोकाला त्याने वीज दिली. कान पांढरा पडला आणि गार झाला. बर्नारलाही स्वतंत्रपणे हेच दिसलं, आणि १८५३ मध्ये ऑगस्टस वॉलरलाही. अर्थ सरळ होता. हा तंतू रक्तवाहिन्या आवळून धरतो. म्हणजे नसेला करंट दिला आणि रक्त कमी झालं!

मग १८७६ मध्ये व्हिएन्नाच्या स्ट्रिकरने कुत्र्याच्या पाठीच्या कण्याजवळच्या संवेदना नेणाऱ्या तंतूंना वीज दिली. या वेळी पंजा गरम झाला. संवेदनेची वायर पायाकडून मेंदूकडे जाणारी, एकेरी वाहतूक. तिच्यातून उलटा सिग्नल जाऊन रक्तवाहिन्या उघडतात, हे लोकांना पटायलाच वेळ लागला. १९०१ मध्ये इंग्लंडच्या बेलिसने ते पक्कं केलं.

यासाठी वीज लागतेच असंही नाही. हातावर नखाने जोरात ओरखडा काढा. रेघ लाल होते आणि तिच्या आजूबाजूलाही लाली पसरते. ही पसरणारी लाली त्याच संवेदनेच्या तंतूंचं काम. १९२७ मध्ये थॉमस लुईसने यावर अख्खं पुस्तक लिहिलं. आणि इथे ही गोष्ट थेट मावशीच्या जिल्ह्यात येते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा कुष्ठरोगाचा जुना पट्टा. देशपातळीवर निर्मूलनाचं उद्दिष्ट २००५ च्या अखेरीस गाठल्याचं जाहीर झालं, तरी इथे नवे रुग्ण सापडत राहिले. कुष्ठरोग त्वचेतले बारीक मज्जातंतू मारतो. संशयित चट्ट्यावर हिस्टामिनचा थेंब ठेवून सुई टोचली, तर गांधी उठते, पण आजूबाजूची लाली पसरत नाही. डॉक्टर ही खूण निदानासाठी वापरत आले. पाईप शाबूत, वायर तुटलेली!

मधुमेहात तंतू खराब झाले की तीच लाली कमी होते. म्हणजे ज्या पायासाठी हे मशीन विकलं जातं, त्याच पायात करंटने जागं करायची वायर मेलेली असू शकते. वर धोका वेगळाच. समजत नाही म्हणून नंबर वाढवत नेला तर कातडी भाजू शकते आणि तेही समजत नाही. मावशीला मी मशीन बंद करायला लावलं. डॉक्टरांनी पायाला नायलॉनचा दोरा टोचून संवेदना तपासली, घोट्याजवळची नाडी बघितली. आता ती रोज रात्री तळवे आरशात बघते, जखम आहे का म्हणून.

मग सगळं खोटंच का? नाही. तिसरी वायर आहे, स्नायू हलवणारी. पोटरी आकसली की आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला एक मज्जातंतू जातो. (कुष्ठरोगात पाऊल लुळं पडतं ते याच्यामुळेच.) त्याला हलके झटके देऊन पाय हलवणाऱ्या एका छोट्या उपकरणाला ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१४ मध्ये मान्यता दिली. पण कशासाठी? पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, आणि तेही धोका जास्त असलेल्या ज्या रुग्णांना गुठळीवरचे नेहमीचे उपाय चालत नाहीत, त्यांच्यासाठी. दुखण्यासाठी वापरतात त्या 'टेन्स' मशिनच्या अभ्यासांतही साधारण हेच दिसतं. स्नायू आकसण्याइतका करंट दिला तर रक्तप्रवाह वाढतो, नुसत्या झिणझिण्यांनी फारसं काही नाही.

तर मंडळी, आईबाबांसाठी असलं मशीन ऑर्डर करायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. पायाला संवेदना आहे का? नाडी लागते का? पेसमेकर किंवा पायात आधीची गुठळी नाही ना? आणि आपण, जे आठ-आठ तास खुर्चीत बसतो, त्यांच्यासाठी तिसऱ्या वायरला करंट द्यायची सोय जन्मापासून बसवलेली आहे. तासाभराने उठायचं आणि चालायचं. फुकट आहे!