लेकींच्या हाती कोणते पुस्तक?

मुलींनी काय वाचावे याविषयी मराठीत गेली दीडशे वर्षे पुष्कळ लिहिले गेले. मुलींना काय वाचायला आवडते याविषयी मात्र फारच थोडे. या दोन प्रश्नांमधले अंतर कसे पडले आणि ते आपल्या बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात अधिक का जाणवते, हे या लेखात पाहायचे आहे. घरात दहा ते सोळा वर्षांची लेक, नात किंवा भाची असलेल्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहीत आहे.

सुरुवात आपल्याच मातीतून करू. सेडम तालुक्यातले मळखेड, कागिणा नदीच्या काठचे, म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. नवव्या शतकात तिथे सम्राट अमोघवर्ष राज्य करीत होता आणि आचार्य जिनसेन त्याचे गुरू होते. जिनसेनांच्या संस्कृत आदिपुराणात एक प्रसंग आहे. भगवान ऋषभदेव आपल्या दोन मुलींना, ब्राह्मी आणि सुंदरी यांना, जवळ बसवून घेतात. लिपी आणि अंक यांचा पहिला धडा या दोघींना मिळतो. भरत आणि इतर मुलगे यांच्या शिक्षणाची हकीकत त्यानंतर येते. शिकलेल्या स्त्रीला स्त्रियांत अग्रस्थान मिळते, असेही बाप मुलींना सांगतो. हे पुराण आहे, शाळेचा दाखला नव्हे, हे मला कळते. पण अकराशे वर्षांपूर्वी मान्यखेटच्या राजगुरूंना पहिल्या विद्यार्थिनी म्हणून मुली सुचल्या, ही गोष्ट लहान नाही. आमच्या समाजात ब्राह्मी-सुंदरीची नावे सगळ्यांना ठाऊक असतात, त्या शिकल्या याचा अभिमानही असतो. त्या पुढे काय वाचत असतील, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

तिथून एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ. पुण्यात भिडेवाड्यात 1848 साली फुले पतिपत्नींनी मुलींची शाळा सुरू केली. फुल्यांच्या शाळेतील मुक्ता या मांग समाजातील मुलीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने त्यात रोखठोक लिहिले आहे. म्हणजे मराठीत शिकलेल्या मुलीचा छापील आवाज इतक्या लवकर उमटला होता. पण त्यानंतर मुलींना जी पुस्तके दिली गेली त्यांत हा आवाज फारसा नाही. त्यांत उपदेश आहे. 1857 सालचे बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ विधवांच्या हालांनी भरलेले आहे. हेतू चांगला, पण तेही शेवटी शिकवण देण्यासाठीच लिहिलेले.

1882 हे वर्ष मला फार बोलके वाटते. त्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांना खडे सवाल विचारले आणि त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ निघाले. पहिले पुस्तक रागाचे, दुसरे नीतीचे. रमाबाईंसारखी बंडखोर बाईदेखील पहिले मराठी पुस्तक स्त्रियांना वळण लावणारे लिहिते, यावरून त्या काळात ‘बायकांचे पुस्तक’ या शब्दाचा अर्थ काय होता ते समजते. त्याच पुस्तकाच्या उत्पन्नाचा त्यांना इंग्लंडला जायला उपयोग झाला, हा भाग निराळा! पुढे अमेरिकेहून परतल्यावर त्यांनी 1889 साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ लिहिले. आता त्या कसे वागावे हे सांगत नाहीत, काय पाहिले ते सांगतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला रमाबाईंची ओळख करून द्यायची असेल तर तुम्ही यातले काही भाग निवडून द्या. ‘स्त्रीधर्मनीति’ अभ्यासकांसाठी राहू द्या.

त्या पिढीतल्या मुली वाचायला कशा शिकल्या, तेही पाहण्यासारखे आहे. काशीबाई कानिटकर घरच्यांची कुचेष्टा सोसत, चोरूनमारून शिकल्या. रमाबाई रानड्यांना नवरा रात्री शिकवी आणि दिवसा घरातल्या बायकांची बोलणी खावी लागत. ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ या 1910 सालच्या पुस्तकात ते सारे आले आहे. आनंदीबाई जोशींची गोष्ट उलटी. नवव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीच्या मागे नवऱ्याचाच अभ्यासाचा तगादा होता आणि त्यापायी मारही होता. 1886 साली ती पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाली, 1887 च्या फेब्रुवारीत गेली. काशीबाईंनी 1889 साली तिचे चरित्र लिहिले. आज आनंदीबाईंचे नाव बक्षीस समारंभात दरवर्षी घेतले जाते आणि मुलींना त्यांच्यावरची पुस्तके वाटली जातात. वाटावीतच. पण ‘बघ, तिने किती अभ्यास केला’ असे म्हणून दिली की ती पुस्तके तशीच कपाटात राहतात. त्या मुलीने परक्या देशात थंडी कशी काढली, नऊवारी नेसून कॉलेजात कशी गेली, हे सांगून दिली तर वाचली जातात.

या साऱ्या काळात मुलींनी आपल्यापाशी खरे जपून ठेवावे असे जे पुस्तक झाले ते माझ्या मते हरिभाऊ आपट्यांचे ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’. 1890 साली ‘करमणूक’ साप्ताहिकातून ते प्रकरणाप्रकरणाने येऊ लागले, 1893 साली पुस्तक झाले. लिहिणारा पुरुष, पण सांगणारी यमू. पुस्तक उपदेशाने सुरू होत नाही. लहानपणचे घर, भावाबरोबरची भांडणे, भातुकली, मैत्रीण दुर्गी, अशी ती पोर आपल्याशी बोलत बोलत मोठी होते. लग्न, शिकवणारा चांगला नवरा, थोडे सुखाचे दिवस. मग वैधव्य आणि बळजबरीचे केशवपन. वाचणारी मुलगी तोवर यमूची मैत्रीण झालेली असते, म्हणून शेवटचा घाव तिच्या वर्मी बसतो. ‘यमुनापर्यटन’ आणि हे पुस्तक यांचा विषय जवळजवळ एकच आहे. फरक इतकाच की एकात मुलीविषयी सांगितले आहे आणि दुसऱ्यात मुलगी सांगते आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (1934 ते 1937) याच कारणाने आजही चौदा वर्षांची मुलगी हसत हसत वाचते. स्वतःच्या फजितीवर इतक्या मोकळेपणाने हसणारी बाई मराठीत तोवर नव्हती.

आता आपल्याकडे वळू. पुण्या-मुंबईत हे चालले होते तेव्हा बिदर आणि गुलबर्गा निजामाच्या राज्यात होते. कारभाराची भाषा उर्दू. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणही उर्दूतून. 1931 साली हैदराबादेत डॉ. केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले खरे, पण खेड्यातल्या मुलीपर्यंत त्यातले काय पोचणार? 1948 च्या सप्टेंबरात संस्थान विलीन झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे पडले: उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडे गेले, जहिराबाद, नारायणखेड दुसरीकडे, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. भालकीहून उदगीर त्याच रेल्वेच्या रुळावर आहे. पण पाठ्यपुस्तक वेगळे झाले, ग्रंथालयाचे अनुदान वेगळे झाले. मुलांचे ‘किशोर’ मासिक बालभारतीने 1971 साली काढले ते महाराष्ट्रातल्या मुलांसाठी. आमच्याकडे ते आले तर मामाच्या पिशवीतून.

त्यामुळे इकडच्या मराठी पुस्तकावर एक जादा ओझे चढले. ते भाषा टिकवण्याचे साधन झाले. मुलीने मराठी वाचावे कारण भाषा जगली पाहिजे, असे आपण म्हणतो, आणि मग जगवण्याजोगे म्हणून जे निवडतो ते चरित्र, सुभाषित आणि संस्कारकथा. शिक्षकांचा हेतू मी नाकारत नाही. पण बारा वर्षांच्या मुलीने भाषेवर उपकार करण्यासाठी वाचावे ही अपेक्षा मला मान्य नाही.

आमच्या जैन घरांत संस्कारकथा कमी नाहीत. सोलापुरात हिराचंद नेमचंदांनी काढलेला ‘जैन बोधक’ आणि पुढे पंडिता सुमतीबाई शहांची श्राविका संस्था यांनी मुलींच्या शिक्षणासाठी जे केले त्याचे ऋण या पट्ट्यावरही आहे. पाठशाळेत मैनासुंदरीची कथा हमखास असते. बाप विचारतो, तुझे सुख कोणामुळे? ती सांगते, माझ्या कर्मामुळे, तुमच्यामुळे नव्हे. राजा संतापून तिला कुष्ठी श्रीपालाशी लावून देतो, ती सिद्धचक्राची आराधना करते, तो बरा होतो. शिकवताना आपण सगळा भर पतिसेवेवर देतो. डॉक्टर म्हणून रोग बरा होण्याच्या भागावर मी काही बोलत नाही! पण मुलींना विचारून पाहा, त्यांना लक्षात राहते ते भर दरबारात बापाला दिलेले उत्तर. कथा तीच; आवडीची जागा आपण चुकीची धरली आहे.

शहरांकडे या आवडीला विसाव्या शतकात वाट सापडली. ‘बालबोध’ (1881) आणि वा. गो. आपट्यांचा ‘आनंद’ (1906) या मासिकांनी मुलांना वाचनाची गोडी लावली. ना. धों. ताम्हनकरांनी ‘गोट्या’बरोबर ‘चिंगी’ही लिहिली, पण बहुतेक साहसे मुलग्यांच्याच वाट्याला आली, आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मुलींनीही आपलाच मानून वाचला. 1930 साली ‘स्त्री’ मासिक निघाले. 1933 साली विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातले उघड मांडले आणि एवढा गदारोळ झाला की लेखिकेचे खरे नाव शोधण्याची अहमहमिका लागली. मुलींच्या मनात काय आहे हे छापले, एवढाच तिचा गुन्हा.

मग शांता शेळक्यांची ‘चौघीजणी’ आली. लुइसा मे अल्कॉटच्या 1868 सालच्या अमेरिकन कादंबरीचा हा अनुवाद. बाप लढाईवर, घरात पैशाची ओढ, चार बहिणी चार स्वभावांच्या, त्यांतली ज्यो लिहिणारी आणि भांडणारी. बर्फ आमच्या औरादच्या मुलीने पाहिलेले नसते, पण थोरल्या बहिणीचा जुना फ्रॉक वापरावा लागणे तिला नीट कळते. ‘मुलींसाठी’ म्हणून लिहिलेल्या असंख्य मराठी पुस्तकांना जे साधले नाही ते या परदेशी घराला साधले.

होमिओपॅथीत रोग्याची हकीकत घेताना त्याच्या आवडीनिवडी विचाराव्या लागतात: गोड की खारट, ऊन की गार, एकटे की माणसांत. चौदा वर्षांची मुलगी समोर असली की उत्तर आई देते. मी आईला थांबवते आणि पुन्हा मुलीलाच विचारते. पुस्तकाच्या बाबतीत तुम्ही निदान एवढे करा. दुकानात किंवा ग्रंथालयात तिला घेऊन जा. चार पुस्तके तुम्ही काढा, चार तिला काढू द्या, आणि तिने अर्धे वाचून टाकलेले पुस्तक पुरे करायला लावू नका. दहा-अकराच्या मुलीला ‘तोत्तोचान’ द्या. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा अनुवाद आहे, आणि आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा कोणाला नको असेल? ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, मामाची वाट पाहायला नको. सोळाव्या वर्षी तिच्या हाती विभावरी शिरूरकर सापडल्या तर हिसकावून घेऊ नका. स्वतः वाचून ठेवा, म्हणजे बोलता येईल.

आणि कन्नडची धास्ती धरू नका. पुण्याच्या मुलीला एक कपाट असते, आपल्या मुलींना दोन आहेत. एम. के. इंदिरा यांची 1976 सालची ‘फणियम्मा’ बालविधवेची गोष्ट आहे. त्या घरातली माणसे मलनाडची, सोवळे-ओवळे मात्र यमूच्या घरातल्यासारखेच. भालकी-बसवकल्याणच्या मराठी शाळेतली नववीची मुलगी कन्नडही शिकलेली असते. तिला ही दोन्ही पुस्तके मूळ भाषांतून वाचता येतील. शाळेच्या कपाटात ती दोन भाषांच्या दोन वेगळ्या फळ्यांवर ठेवण्याची रीत आहे. एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहा, आणि कपाटाची किल्ली मुलींपैकी एकीकडे द्या.