शॅम्पेन उडवायची नसते, मंडळी!

31 डिसेंबर जवळ आला की बाटली हलवून फेस उडवायची हौस सगळ्यांना येते. तो फेस आला कुठून, एवढं आधी वाचा.

फ्रान्सच्या शॅम्पेन भागात थंडी कडक. हिवाळ्यात वाईन आंबायची थांबायची आणि ऊन लागलं की बाटलीत पुन्हा आंबायची. गॅस कोंडून बाटल्या फुटायच्या. फेस हा तेव्हा चक्क दोष होता! ज्याला शॅम्पेनचा जनक म्हणतात तो मठवासी दों पेरिन्यों (1638-1715) उलट बुडबुडे टाळायच्या खटपटीत होता. पुढे जाड काच आली. मग 19व्या शतकाच्या सुरुवातीला मादाम क्लिको या विधवेच्या तळघरात बाटल्या भोकांच्या टेबलात उलट्या लावून गाळ तोंडाशी आणायची युक्ती निघाली, वाईन नितळ झाली.

पण ती गोडमिट्ट, जेवणानंतर मिठाईसोबत घ्यायची. इंग्रज गिऱ्हाइकाला कमी गोड हवी होती. 1874 साली मादाम पोमेरी (याही विधवाच) यांनी ‘ब्रूट’ आणली आणि शॅम्पेन जेवणाच्या ताटाशेजारी आली.

आज ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. म्हणून ती चकली, भजी, तळलेल्या सुरमईबरोबर जमते. आंबटपणा आणि बुडबुडे जिभेवरचं तेल धुऊन काढतात. केक किंवा गुलाबजामसोबत मात्र तीच आंबट लागते. तिथे गोडसर ‘डेमी-सेक’ घ्या.

बाटली अर्धा तास बर्फ-पाण्यात ठेवा. आत गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो, तेव्हा तोंड माणसांकडे नको. बूच घट्ट धरा आणि बाटली फिरवा. ग्लास तिरका धरून हळू ओता. आधी वास, मग छोटा घोट. आणि नंतर गाडीला हात नाही.

‘हे सगळे परदेशी नखरे’ म्हणणाऱ्यांसाठी: 1980च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्राच्या मदतीने आपल्या नारायणगावात स्पार्कलिंग वाईन बनवली. ‘ओमर खय्याम’ नावाने ती परदेशात विकली गेली. ती कंपनी पुढे कर्जात बुडाली, पण वाट पडली. 2013 पासून ‘शँडन’ ही फ्रेंच कंपनी नाशिकच्या द्राक्षांची स्पार्कलिंग वाईन विकतेय. शॅम्पेन हे नाव फक्त त्या भागाचं. द्राक्षं मात्र आपल्या शेतकऱ्याची, अवकाळीतून वाचवलेली.

ती भिंतीवर उडवायची का?