एका शब्दाचा वाद

माणसाचे तारण विश्वासाने होते की सत्कर्मांनी? १५२२ साली मार्टिन ल्यूथरने नव्या कराराचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने मूळ ग्रीकमध्ये नसलेला 'केवळ' हा शब्द घातला. केवळ विश्वासाने! पापाच्या शिक्षेत सूट देणारी पत्रे तेव्हा पैसे घेऊन दिली जात. त्याची चीडही त्या शब्दामागे होती. सत्कर्मे नकोत, असे तो म्हणत नव्हता. ती विश्वासाची फळे, तारणाची किंमत नव्हे, एवढेच त्याचे सांगणे. तरी या वादात ख्रिस्ती युरोप दुभंगला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथॉलिक व ल्यूथरपंथीयांनी घोषणापत्रावर सह्या केल्या: तारण ईश्वरी कृपेने, सत्कर्मे त्यामागून येणारी. या प्रश्नापुरता समेट व्हायला पावणेपाचशे वर्षे लागली. न फळणारे झाड मात्र दोघांनाही कधीच मान्य नव्हते!